एका ओढीत सुटणारी दोरी

खाला नवे कपडे घालून बघायला सांगत नसे, काढून बघायला सांगे. लोणारला बसस्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत ती बायकांचे कपडे शिवायची; आम्ही सगळ्याच पोरी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. पडद्याआड ड्रेस चढवायचा आणि तिनं बाहेरून "काढ!" म्हटलं की झटक्यात उतरवायचा. जरा कुठे अडकला की तिच्या तोंडावरचा रंग उडायचा. "घालाले टाइम लागला तं लागू दे बेटा. काढाले नाई लागला पायजे."

आम्ही पोरी हसायचो. मग आईनं एकदा सांगितलं, खालाची धाकटी बहीण शम्मो स्टोव्हच्या भडक्यात गेली. नायलॉनचा कुर्ता, पाठीवर हुक, आणि ते खालाच्या बोटांना सुटलेच नाहीत. त्यानंतर माझं हसू गेलं आणि तिची भीती माझ्यात शिरली. मी मुळातच भित्री; बंद गळ्याचा स्वेटर घालतानाही जीव घाबरा होतो माझा.

अशा मला अमरावतीला फॅशनच्या कोर्सच्या शेवटच्या परीक्षेत मिळालं काय, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन सरदारणीचं चित्र! हुबेहूब तसा गाऊन शिवायचा आणि स्वतः घालून परीक्षकांपुढे उभं राहायचं. नापास झाले तर बाबा घरी बसवणार, हे ठरलेलं. लाल मखमल, फुगीर बाह्या, छातीवर करकचून आवळलेल्या काळ्या दोऱ्या. चित्र घेऊन मी लोणारला आले. खालानं चष्मा पुसून ते पाहिलं, मग कागद उलटा केला. मागे कोरं.

"मागून कशी हाये व ही? अन् आग लागली तं हे निघन कुठून?"

"खाला, ती मरून पाचशे वर्षं झाली."

"म्हणूनच इचारून राह्यली."

गाऊन दोघींनी मिळून शिवला. काखेखाली मात्र तिनं शिवण घालू दिली नाही. तिथं एकच लांब दोरी ओवली, एका ओढीत सुटणारी. "चित्रात नाहीये गं ती! मार्क कापतील," मी रडकुंडीला आले.

"कापू दे. माणूस तं राह्यते."

मे महिन्यातल्या दुपारी गाऊन घालून पाहिला. दोऱ्या चित्रातल्यासारख्या आवळल्या आणि लाइट गेली. पंखा थांबला, वर पत्रा तापलेला. मला श्वास घेता येईना. छातीवरची गाठ ओढली तर ती आणखीच घट्ट बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. आता मी इथंच मरते, एवढंच कळत होतं.

"शम्मो!" खाला किंचाळली आणि काखेखालची दोरी तिनं ओढली. मखमल फटकन उघडली. मी खाली बसून नुसती हवा पीत राहिले. खाला मुठीतली दोरी काही सोडत नव्हती.

परीक्षकांना ती दोरी दिसलीच. मार्क कापले गेले, तरी पास झाले. आता नाटकांचे कपडे शिवते, आणि प्रत्येकात कुठेतरी ती दोरी असते.

यंदा थंडीत खाला गेली. मी पोचले तेव्हा पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली होती. घरातल्या बायका सांगत होत्या, कसं न्हाऊ घातलं, कसं कफनात गुंडाळून डोक्याशी, कमरेशी, पायांशी गाठी मारल्या. वरून माती, आणि खाला आत बांधलेली! तिचा मुलगा परतला तसं सांत्वनाचं सोडून मी दारातच त्याला विचारलं, "अरे, गाठी? तशाच?"

"नाई ताई. कबरीत ठेवलं की सोडतेतच." डोळे पुसत तो म्हणाला, "एका ओढीत सुटल्या."