माझ्या कॉम्प्युटरला जुनं म्हणायचं नाही

‘मशीन जुनं झालं’ हे वाक्य माझ्यासमोर उच्चारायचं नाही, असा आमच्या घरात एके काळी नियमच होता. तो मीच केला होता.

डिलाईल रोडच्या चाळीत आमची एक खोली. खिडकीखाली माझा कॉम्प्युटर आणि दारावर पाटी, ‘मराठी टायपिंग करून मिळेल’. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, व्यायामशाळेचा दिवाळी अंक, सगळं मी त्या कोपऱ्यात बसून करायचे. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. बाबांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. पुढे घर चाललं ते आईच्या खानावळीवर आणि ती गेल्यावर माझ्या या पाटीवर. त्यामुळे मला त्या पाटीची भारी ऐट होती.

कॉम्प्युटर मात्र रडकुंडीला आला होता. आधी रॅम वाढवली, मग हार्ड डिस्क बदलली. तरी मी ओळ टाइप करून चहाचा घोट घ्यायचे, तेव्हा कुठे पहिलं अक्षर उमटायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, आता यात काही घालण्यात अर्थ नाही. मशीन जुनं झालं, नवीन घ्या.”

पैसे नव्हते असं नाही. नवीन घेण्याइतके मी बाजूला टाकले होते. पण ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अख्ख्या गिरणगावातली माणसं याच वाक्यावर घरी बसवली होती. यंत्रं जुनी झाली, परवडत नाही, म्हणून कुलूप. त्यानंतर बाबा गॅलरीत बसून धूर नसलेल्या धुरांड्याकडे बघत राहायचे. ते मी विसरणार नव्हते. माझ्या घरातून कुणी काही जुनं म्हणून बाहेर काढणार नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आणि दुरुस्तीवाल्याला चहा न देताच वाटेला लावलं.

इकडे व्यायामशाळेचे लोक अंकासाठी खेटे घालत होते. दसऱ्यानंतर चार दिवसांत पानं मिळाली नाहीत तर काम दुसरीकडे नेऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांचं काम गेलं की बाकीचेही जाणार, हे मला कळत होतं. तरी मी हटले नाही.

खंडेनवमीला दादा डोंबिवलीहून आला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. गिरणीत साचे पुसून त्यांना हार घालायचे, ती सवय बाबांनी सोडली नव्हती. साचा नाही तर कॉम्प्युटर. त्यांनी तो पुसला, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. एका वर्षी त्यांनी मनोभावे टाकलेल्या अक्षता फ्लॉपीच्या फटीत गेल्या होत्या, तेव्हापासून पूजेआधी मी तिथे चिकटपट्टी लावायचे.

आरती झाल्यावर दादाने विषय काढला.

“कशाला डोकं आपटतेस गं? हे टाक भंगारात आणि ही पाटी काढ. दादरला माझ्या ओळखीत डीटीपीचं दुकान आहे. तिकडे लाग. सगळी नवीन मशिनं, वर एसी.”

“माझं मशीन जुनं नाही,” मी ओरडले. “आणि मी कुणाच्या दुकानात जाणार नाही!”

मी बाबांकडे बघितलं. जगात दुसरं कुणी नाही, तरी ते माझ्या बाजूने बोलतील याची मला खात्री होती. बाबा हाताचं कुंकू पुसत होते.

“जुना तर झालाच हा,” ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. “बाबा, तुम्हीसुद्धा? तुमच्या साच्यांनासुद्धा असंच म्हणाले होते ना?”

“साचे जुनेच होते. मालकान नवे घातल्यान नाय, म्हणान गिरण बुडाली.” मग ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. “आमी काय साच्यासाठी संप केलो? कामासाठी केलो. साचो बदल गो. पाटी काढू नको.”

इतकी वर्षं मी बाबांच्या नावाने भांडत होते आणि भांडण भलत्याच गोष्टीसाठी चाललं होतं. मला माझा राग आला आणि त्याहून जास्त बाबांचा अभिमान वाटला.

पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून कॉम्प्युटर हार घालून तसाच बसून राहिला. दसऱ्याच्या सकाळी मी दादरला जायला निघाले, तेव्हा आपलं म्हणणं मला पटलं असं समजून दादाने खुशीत दुकानाचा पत्ता हातावर ठेवला. दुपारी मी टॅक्सीतून उतरले ती नव्या कॉम्प्युटरची खोकी घेऊनच.

“दुकानवाल्याला भेटलीस ना?” दादाने दारातच विचारलं.

“वेळ नव्हता. त्याला सांग, माझ्याकडे काम जास्त झालं तर थोडं त्याच्याकडे पाठवीन.”

बाबा आत नव्या मशीनसाठी कोपरा पुसायला घेत होते.