धाकटीचे नवे डोळे

पडदे शिवणारी थोरली आणि मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसणारी धाकटी, दोघी बहिणींचे डोळे अगदी एका साच्यातले होते. बारीक, वरची पापणी जड, आणि हसलं की डोळा गायब. हे सगळं बाबांकडून आलेलं. आईचे टपोरे डोळे दोघींपैकी एकीच्याही वाट्याला आले नाहीत. लहानपणी स्टुडिओत गेलं की फोटोवाला ओरडायचा, "पोरींनो, डोळे उघडा!" आणि दोघी एका सुरात सांगायच्या, "उघडेच आहेत!" गल्लीत त्यांना 'मिटलेल्या' म्हणत. थोरलीला राग यायचा, पण अर्धाच. उरलेला अर्धा धाकटी वाटून घ्यायची.

बाबा गेल्यावर आई थोरलीकडे राहायला आली. धाकटी जवळच एका खोलीत एकटी राहायची आणि रविवारी जेवायला यायची. मध्ये काही आठवडे ती आलीच नाही. दुकानाचं ट्रेनिंग आहे, बाहेरगावी आहे, असं फोनवर सांगायची. मग एका रविवारी दारात उभी राहिली ती काळा गॉगल लावून.

"घरात कसला गॉगल?" थोरली म्हणाली.

धाकटीने गॉगल काढला. पापण्यांवर स्वच्छ घडी पडली होती, आणि खाली दोन मोठे, उघडे डोळे. थोडी सूज होती, पण डोळे मोठे होते यात शंका नाही.

"ऑपरेशन केलं. कशी दिसते?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. थोरलीला बोलावं लागलं.

"सूज उतरली की कळेल," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्याला टेकून ती नुसतीच उभी राहिली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि गुपचूप एकटीच निसटली.

सूज उतरली आणि धाकटी खरंच छान दिसायला लागली. इथेच सगळं बिघडलं. वाईट दिसली असती तर थोरलीने तिची मनापासून काळजी घेतली असती. एकदा धाकटी तिला भेटायला पडद्यांच्या दुकानात आली. ती गेल्यावर मालक म्हणाला, "ही तुझी सख्खी बहीण? वाटत नाही हं." दुपारभर थोरलीची मशीन अशी धडधडत होती की शेजारच्या कारागिराने विचारलं, पडदा शिवतेयस की कुणाला मारतेयस?

शेवटी तिने धाकटीचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंचीच वेळ घेतली. घरी सांगितलं, एका बंगल्याच्या खिडक्यांची मापं घ्यायला जातेय.

डॉक्टरीणबाई मृदू बोलत. त्यांनी जांभळ्या पेनाने थोरलीच्या दोन्ही पापण्यांवर रेघ काढली. "इथे टाके घालून एक घडी तयार करायची. वरची थोडी कातडी काढायची."

"म्हणजे चुणी घालायची," थोरली म्हणाली. "आणि नाही आवडली तर उसवता येते?"

बाई हसल्या. "पडद्यासारखी नाही येत."

मग त्यांनी एका बारीक वाकड्या तारेने पापणी वर ढकलून धरली आणि हातात आरसा दिला. थोरलीने पाहिलं. तिला वाटलं होतं, आपलेच डोळे जरा मोठे होऊन दिसतील. आरशात धाकटीचे डोळे होते. लहानपणी थोरलीचे आखूड झालेले कपडे धाकटी घालायची, आणि आता या वयात थोरलीने धाकटीच्या मागून तिचा तोंडवळा घ्यायचा! उद्या सगळे म्हणणार, हिने बहिणीचं पाहून केलं. आणि ते खरंच असणार. तरीही आरसा खाली ठेवताना तिच्या हाताला तो सोडवेना. तिने पुढच्या महिन्यातली तारीख घेतली.

घरी आली तर धाकटी आईला औषधं आणून द्यायला आलेली.

"ताई, पापणीवर शाई कसली गं?"

थोरलीने घाईघाईने डोळे चोळले. शाई गालापर्यंत पसरली.

"त्याच बाईंकडे गेली होतीस," धाकटी हळूच म्हणाली. "ताई, तू नको करूस."

"का? तुझी मक्तेदारी आहे?"

"आई माझ्याकडे बघत नाही आता. बोलते, पण बघते तुझ्याकडे. तूही बदललीस तर बाबांचं काही उरणार नाही या घरात."

थोरलीचा तिळपापड झाला. "वा गं वा! तू मिरवायचं आणि मी बाबांची आठवण म्हणून बसून राहायचं? घर आहे की संग्रहालय?"

"तुला काय माहीत, रविवारी मला कसं वाटतं ते! पाहुण्यासारखं वाटतं. मी जळते तुझ्यावर."

"तू? माझ्यावर?" थोरलीला हसावं की एक ठेवून द्यावी, कळेना.

आई पलंगावरून उठली. धाकटीसमोर उभी राहून तिने पहिल्यांदाच त्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. "मी बघत नाही, कारण मला वाटतं अजून दुखत असेल तुला. त्यात तुमच्या बाबांना कशाला ओढता? ते काय डोळ्यांपुरतेच होते का?"

धाकटी रडायला लागली. नाक लाल, तोंड वाकडं, पूर्वी रडायची तशीच भेसूर. थोरलीला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तिने पदराने आधी तिचं नाक पुसलं, मग स्वतःच्या गालावरची शाई.

थोरलीने तारीख रद्द केली. बाबांसाठी नाही, आईसाठी नाही आणि धाकटीने सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. तिला दुसऱ्या नंबरावर यायचं नव्हतं, एवढंच. कुणी विचारलं तर ती सांगते, "मला आहे तेच आवडतं," आणि लोक तिचं कौतुक करतात. धाकटीही करते. त्या कौतुकाने थोरली सुखावते, पण धाकटी समोरून चालत आली आणि रस्त्यावरच्या कुणी वळून पाहिलं, की अजूनही तिच्या पोटात दुखतं.