ताईने कोचीला उतरायचं की नाही

माझ्या पंचाहत्तरीनिमित्त मुलाने सगळ्यांची क्रूझ ठरवली. गुरुवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, शनिवारी सकाळी कोची, तिथे आठ तास थांबा, मग परत. आमच्या घराण्यात समुद्रापार गेलेली माणसं पुष्कळ आहेत, पण ती सगळी इस्राएलला गेली आणि तिकडेच राहिली. केवळ हौस म्हणून जहाजात बसणारे आम्हीच पहिले.

कोचीच्या आठ तासांत काय काय करायचं हे ठरवायला मुलाच्या पनवेलजवळच्या विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये बैठक भरली. माणसं सहा. मी, बायको, मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठी माझी ताई. सून एका कंपनीत मोठ्या कामांची वेळापत्रकं आखते. तिने टीव्हीवर एक तक्ता लावला. कुठे जायचं, किती मिनिटं, कशाने जायचं, कुणाचे गुडघे कुठवर चालतील असे रकाने होते. शेवटचा रकाना जोखमीचा होता आणि त्यात एकच शब्द होता: आत्या.

ताई समोरच बसली होती. तिने चष्मा पुसला आणि तो शब्द पुन्हा वाचला.

यात सुनेचा दोष नाही. ती पुण्याच्या हिंदू घरातून आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला आमचा एक खास शब्द शिकवला गेला. आमच्याकडे कुणी उशीर केला, गाडी चुकवली, कुकर खाली उतरवायला विसरलं तर त्याने ‘रेवस केलं’ असं म्हणतात. इस्राएलमध्ये अश्दोदला राहणारी माझी चुलत भाचरं मराठी विसरली, पण हिब्रू बोलताना मध्येच ‘रेवस’ म्हणतात. रेवस हे अलिबागकडचं बंदर. चोपन्न वर्षांपूर्वी त्या बंदरावर ताई राहिली आणि आमची लाँच निघून गेली, एवढी ती गोष्ट. सगळ्या घराला ती पाठ आहे. ती खोटी आहे हे फक्त मला माहीत होतं.

बैठकीत दोन ठराव झाले. पहिला, कोचीची जुनी सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बघायची, त्याला दोन तास. हा ठराव मी मांडला, मुलाने उचलून धरला, बायकोने तर डोक्यावर कोणता स्कार्फ घ्यायचा तेही ठरवलं. सून खालच्या आवाजात म्हणाली, “बाबा, त्या दिवशी शनिवार आहे. बघायला येणाऱ्यांना बंद असेल ना?” आमच्या पूर्वजांना शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, आणि त्यांच्या वंशजांना शनिवारची आठवण पुण्याच्या सुनेने करून दिली. त्या दोन तासांत मसाल्याचा बाजार आला.

दुसरा ठराव, ताईने कोचीला उतरायचं नाही. जहाजावर बुफे असतो, वातानुकूलित खोली असते, तिने आरामात बसावं. जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणून मुलगा प्रेमाने म्हणाला, “आत्या, तिथे रेवस झालं तर आपल्याला परवडणार नाही गं.”

ताईने पनवेलच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. ‘कोची हे नैसर्गिक बंदर आहे’ हे वाक्य तिने फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. खडूने ती किनाऱ्याची रेघ अशी काढायची की मुलांना तिथे पाणी दिसायचं. स्वतः ती रत्नागिरीच्या खाली कधी गेली नव्हती. क्रूझचं कळल्यावर तिने मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं होतं की तिला ते बंदर एकदा बघायचंय, नैसर्गिक म्हणजे नक्की कसं असतं ते.

ठराव ऐकून ती म्हणाली, “बरं.” मी माझा चहा ढवळत राहिलो. त्यात साखर नव्हती.

आता रेवसचं सांगतो.

आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा झाल्याशिवाय काही गोष्टी म्हणता येत नाहीत. पनवेलच्या आमच्या आळीतली घरं एकेक करून रिकामी होत होती आणि दर शनिवारी सकाळी दहाची जुळवाजुळव करणं हे तेराव्या वर्षापासून माझं काम होतं. कुणाला ताप आहे, कोण सासुरवाडीला गेलाय, कोण उठलाच नाही, सगळं माझ्याकडे. प्रार्थनेला प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर टोपी लागते, म्हणून सिनेगॉगच्या दारात उभं राहायचं आणि टोप्या मोजायच्या. आठवर अडलं की मी रस्त्यापर्यंत जाऊन बघायचो. दहावी टोपी दिसली की सगळं अंग सैल व्हायचं. बायका किती आल्या ते कुणी मला विचारलं नाही आणि मीही कधी मोजलं नाही.

त्या वर्षी वडिलांनी एक लाँच आमच्यापुरती ठरवली आणि आम्ही सतरा माणसं अलिबागजवळ एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराच्या नवसाला गेलो. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा झाला, प्रार्थना झाली. रेवसहून परतीची लाँच साडेचारला सुटायची होती. धक्क्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझी टोपी मागे चहाच्या झोपडीत राहिली. मी ताईला म्हणालो, “जा ना, आण ना.” ती गेली. तिच्या हाताला वडिलांनी दिलेलं नवं घड्याळ होतं. ते बघून ती म्हणाली, “वीस मिनिटं आहेत,” आणि गेली.

तेवढ्यात लाँच चालवणारा तांडेल ओरडायला लागला की पाणी उतरतंय, आता निघालो नाही तर चिखलात बसू. वडील आत झोपले होते. त्याने मला विचारलं, “आली का सगली?”

मी मोजलं. नऊ टोप्या, आणि दहावा मी, बोडका. मी बोडका का होतो हेसुद्धा मला त्या क्षणी आठवलं नाही. दहा झाले, अंग सैल झालं, आणि मी म्हणालो, “झाले सगळे. सोडा.”

आईला वाटलं ताई मावशीजवळ आहे, मावशीला वाटलं आईजवळ. भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर कळलं. वडिलांनी विचारलं, लाँच किती वाजता सोडली. मी म्हणालो, “साडेचार. बरोबर.” सव्वाचार झाले होते.

ताई त्या रात्री एका कोळणीच्या घरी राहिली. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि माझी टोपी माझ्या हातात देऊन आत गेली. ती कुणाला काही बोलली नाही. ती धक्क्यावर आली तेव्हा तिच्या घड्याळात चार वीस झाले होते, आणि लाँच साडेचारला सुटली असं सगळं घर सांगत होतं, म्हणजे घड्याळ मागे असणार, असं तिने धरलं. लाँचवरच्या दहा पुरुषांत एका मुलाचे वडील होते आणि ताईचं त्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. जिला लाँच गाठता येत नाही ती संसार काय गाठणार, असं ते म्हणाले. वर्षभरात ते कुटुंब इस्राएलला गेलं. ताईने लग्न केलं नाही. त्याचं कारण ते नव्हे, असं ती म्हणते आणि तिचं म्हणणं खरं मानायला मला नेहमीच आवडलं.

तर, क्रूझची रंगीत तालीम.

ही कल्पना सुनेची. वेळापत्रक कागदावर ठीक असतं, पायांनी तपासावं लागतं, असं तिचं म्हणणं. एका रविवारी विचुंब्याच्या इमारतीचं पार्किंग हे जहाज झालं आणि पनवेल हे कोची. कोचीच्या मासे धरायच्या चिनी जाळ्यांच्या जागी वडाळे तलाव, मसाल्याच्या बाजाराच्या जागी मिरची कांडपाचं दुकान, केरळी जेवणाच्या जागी स्टेशनजवळचं उडपी हॉटेल. प्रत्येकाच्या गळ्यात नातीने केलेलं ओळखपत्र. त्यावर मागच्या बाजूला लाल अक्षरांत: ‘साडेचारला जहाज सुटेल. जहाज कोणासाठीही थांबत नाही.’

ताई जहाजावर राहणार होती, म्हणून तिला पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची दिली. बुफे म्हणून वेफर्सचं पाकीट आणि दोन केळी. ओळखपत्र तिच्याही गळ्यात घातलं. वॉचमनला कप्तान नेमलं. तो पन्नाशीचा, इथल्याच गावचा माणूस. त्याने हे काय चाललंय असं एकदाही विचारलं नाही. मोठ्या इमारतीत नोकरी केलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नाही.

आम्ही पाच जण कोची बघायला निघालो. तलावाकाठी बायकोने वीस मिनिटं एका माणसाचा गळ बघितला, मासा लागला नाही. कांडपाच्या दुकानात मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात, त्याची पंधरा मिनिटं तक्त्यात नव्हती. हॉटेलात नातीला डोसा हवा होता, सून म्हणाली केरळात अप्पम मिळेल त्याची सवय कर, त्यावरून दोघी बोलेनाशा झाल्या. परत येताना पुलावर गाडी अडकली. मुलगा सारखा म्हणत होता, आत्या बसलीय बिचारी, तिचं बरं आहे. फाटकाशी पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

फाटक बंद. आत ताई उभी, गळ्यात ओळखपत्र, आणि तिच्या मागे वॉचमन.

“साडेचारला जहाज गेलं,” ताई म्हणाली.

मुलगा हसला. वॉचमनला म्हणाला, “उघड रे.”

“नाय उघडता येयाचा,” वॉचमन जमिनीकडे बघत म्हणाला. “बाईंनी सांगितलाय.”

तेव्हा कळलं की तो ताईचा विद्यार्थी. सातवी ‘ब’. ताईच्या तासाला नकाशा न आणल्याबद्दल तो एकदा बाकावर उभा राहिला होता आणि अजून मनाने तिथेच होता. हेही कळलं की आम्ही गेल्यावर ताई शेअर रिक्षाने एकटी पनवेलला गेली, तलाव बघितला, कांडपाच्या दुकानातून पाव किलो मसाला घेतला, उडपीकडे कॉफी प्यायली आणि चार दहाला खुर्चीत येऊन बसली. मसाल्याची पुडी खुर्चीवर होती.

“आत्या, पुलावर ट्रॅफिक होता,” मुलगा म्हणाला.

“मग तक्त्यात धरायचा होतास. तुम्ही पाचही जणांनी रेवस केलंत.”

मागे एक गाडी येऊन थांबली होती. त्या शेजाऱ्यांनी हॉर्न वाजवला, मग काच खाली करून विचारलं काय झालं. नात म्हणाली, “काका, आमचं जहाज चुकलं.” त्यांनी काच वर केली. बायको कठड्यावर बसून गुडघे चोळत होती. ‘रेवस’ हा शब्द मी हजार वेळा ऐकला, हजार वेळा हसलो. पण तो ताईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मी फाटकाचे गज धरले आणि म्हणालो, “ताई, तू रेवसला उशिरा आली नव्हतीस. लाँच सव्वाचारला सुटली. मी सोडायला सांगितली. दहा मोजले आणि सांगितली.”

सगळं सांगितलं. टोप्या, तांडेल, वडिलांना सांगितलेली वेळ. हॉर्न वाजत होता म्हणून काही वाक्यं दोनदा सांगावी लागली.

ताई रागावेल असं वाटलं होतं. तिने मनगटाकडे बघितलं. ते जुनं घड्याळ तिथे आता नाही.

“म्हणजे घड्याळ बरोबर होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तीनदा नेलं रे ते घड्याळजीकडे. तो म्हणायचा, बाई, यात काही दोष नाही. तिसऱ्यांदा मी त्याच्याशी भांडले. धंदा येत नाही म्हणाले त्याला. वारला तो. आता कुणाला सांगू?”

रेवसनंतर तिने घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. चौतीस वर्षांत शाळेत एकदाही उशीर केला नाही. आणि आम्ही तिला रेवसवाली म्हणत राहिलो.

“आणि तुझी टोपी,” ती म्हणाली, “मी धुऊन दिली होती. कोळणीकडे.”

मी गज सोडले. मुलाने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. रेवस हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता.

ताईने वॉचमनला फाटक उघडायला सांगितलं, आधी शेजाऱ्यांची गाडी आत घेतली, मग आम्हाला. पार्किंगमध्ये खुर्चीवर बसून तिने शिक्षा सांगितली. एक, हे सगळं मी लिहून काढायचं आणि इस्राएलसकट ज्यांनी ज्यांनी तो शब्द वापरला त्या सगळ्यांना पाठवायचं, पानं सुवाच्य हवीत. दोन, कोचीला मी उतरायचं नाही. सुनेने तिथेच मोबाइलवर तक्ता उघडला, जोखमीच्या रकान्यातलं ‘आत्या’ खोडलं आणि मला विचारलं, “बाबा, तुमचं नाव टाकू?” मी म्हणालो, टाक.

तर हे लिहिणं चालू आहे ते जहाजाच्या सातव्या मजल्यावर. कोची समोर आहे. बुफेत अप्पम आहेत. सगळे सकाळीच उतरले, ताई सगळ्यांत पुढे होती.

चार वाजल्यापासून मी कठड्याशी उभा होतो. साडेचारच्या आत वर यायचं असा नियम आहे. चार दहाला ते धक्क्यावर दिसले. मुलगा चढला, सून, नात, मग बायको, गुडघे सांभाळत. ताई खालीच थांबली. धक्क्याच्या टोकाला जाऊन तिने पाण्याकडे बघितलं, मग उलट वळून डाव्या उजव्या बाजूची जमीन बघितली, फळ्यावर रेघ काढण्यापूर्वी बघायची तशी. चार वीस झाले. तिने घड्याळ बघितलं आणि मान वर केली. मी तिला दिसलो असेन. ती हलली नाही. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, काका, काय मोजताय एवढं. “माणसं,” मी म्हणालो. “चार झाली.”

चार अठ्ठावीसला ती जिना चढली. वर आल्यावर माझ्यासमोर उभी राहून तिने श्वास घेतला.

“नैसर्गिकच आहे,” म्हणाली, आणि बुफेकडे गेली.