पायजमेवाल्याचा फोटो

मिंदोतल्या बेकरीच्या भिंतीवर गावातल्या झाडून साऱ्या हौशी फोटोवाल्यांचे हमिंगबर्ड उडत होते. नव्हता तो एलिसिओचा. परसात साखरपाण्याची बाटली टांगून कॅमेऱ्यामागे बसता बसता त्याच्या पाठीला बाक आला, पण हाती लागायच्या त्या नुसत्या शेपट्या. "काय रे एलिसिओ, तुझ्या पक्ष्यांना तोंड नसतं का?" पाव देताना बेकरीवाला रोज विचारायचा. मग तो पाव एलिसिओच्या घशाखाली उतरत नसे.

त्याला हवा होता पायजमेवाला. अंगठ्याएवढा जीव, पायांत पांढऱ्या कापसाचा पायजमा घातल्यासारखा. पण बाटलीवर सत्ता होती नगराध्यक्षाची. हा जांभळ्या कानांचा एक भांडकुदळ हमिंगबर्ड. स्वतः दोन घोट प्यायचा आणि दिवसभर बाकीच्यांना हुसकायचा.

अशात वरच्या डोंगरातून सासूबाई दोन्या झोइला आठवडाभरासाठी आल्या. त्या आल्या की एलिसिओ त्यांच्या जाण्याकडे डोळे लावून बसायचा. लाल शाल घट्ट गुंडाळून त्यांनी बाटलीच्या पलीकडे खुर्ची टाकली. "काय बाई दमट गाव तुमचं! मीठसुद्धा रडतं इथे."

नगराध्यक्षाने शाल पाहिली. एवढं मोठं फूल त्याने जन्मात पाहिलं नसावं. बाटली सोडून तो सासूबाईंच्या खांद्यावर जाऊन बसला आणि त्यांचीच राखण करू लागला. कॉफी घेऊन गेलेल्या सख्ख्या लेकीच्या, नार्सिसाच्या, केसांत घुसला. इकडे बाटली मोकळी झाली आणि पायजमेवाला चोरपावलांनी यावं तसा आला. एलिसिओने घाईत बटण दाबलं, फोटो हलला.

आठवडा सरला. सासूबाईंनी बोचकं बांधलं, तसा एलिसिओ दारात आडवा आला.

"राहा ना अजून थोडे दिवस."

नार्सिसाच्या हातून केळी तळायचा झारा खाली पडला. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"मला म्हणतोस?"

"तुम्हालाच."

"ताप आहे का रे तुला?"

राहिल्या. अडला हरी रोज सकाळी त्यांना मक्याची वाफवलेली गरम हुमिता नेऊन देऊ लागला, तेही नगराध्यक्षाच्या चोचीचा मार खात.

आणि एका सकाळी ते घडलं. पायजमेवाला बाटलीसमोर हवेत थांबला, पंख पसरून, तोंड थेट कॅमेऱ्याकडे. नेमकी तेव्हाच मागे सासूबाईंना डुलकी लागली आणि खुर्ची कलंडू लागली. एलिसिओने ते पाहिलं. चांगलं नीट पाहिलं. बटण दाबलं. मग धावला.

सासूबाई अळूच्या वाफ्यात आडव्या होत्या. पोटावर नगराध्यक्ष, पवित्रा घेऊन.

"लागलं का हो?"

"आधी खट् वाजलं," त्या म्हणाल्या, "मग तुझे पाय वाजले. डोळा लागला होता माझा, कान नव्हते गेले."

एलिसिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटो बेकरीत लागला. पायजम्याचा तंतू न् तंतू मोजून घ्यावा असा लख्ख. बेकरीवाल्याने टोपी काढली, चार लोकांनी पाठ थोपटली. नार्सिसा मात्र पक्ष्यामागच्या धूसर, तिरक्या लाल डागाकडे बघत राहिली.

"हे मागे लाल काय आहे हो?"

ज्या भिंतीसाठी इतकी वर्षं तळमळला, तिच्यासमोर एलिसिओला उभं राहवेना.

"फूल आहे ते," कंबर धरून मागे उभ्या असलेल्या दोन्या झोइला म्हणाल्या. "वाऱ्याने कलंडलंय जरा. तू पाव घे."