शिवणाच्या बाईंनी पाहिलेला सडा

सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरलं की शिवणाच्या बाई खिडकीपाशी बसून पातळाच्या काठात रुतलेली कुसळं सुईनं काढताना दिसायच्या. आदल्या दिवशी त्या माळावर जाऊन आल्याची ती खूण. सोलापुरात रविवारी लोक सिनेमाला जात, तळ्यावर फिरायला जात. या पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई बार्शी रस्त्याच्या एसटीनं शहराबाहेर उतरत आणि दिवसभर गवतातून हिंडत. शाळेतल्या चार-सहा मुलीही बरोबर असत.

"काय बघता हो तिथे?" मी एकदा विचारलं.

सुईवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "काय न्हाय बाई. लांबवर बघायचं."

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायची. लग्न होऊन देवगडकडून सोलापुरात आले त्याला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात या मुलखातलं काहीही मला सुंदर वाटलं नव्हतं. निसर्ग म्हणजे समुद्र, माडांची बनं, पावसाळ्यात भरून वाहणारे व्हाळ. वर्गात मी ते रंगवून सांगायची. मुली शहाण्यासारख्या ऐकून घ्यायच्या आणि तास संपला की शिवणाच्या बाईंकडे धावायच्या. त्याचा मला त्रास व्हायचा.

बाई मूळच्या मंगळवेढ्याच्या. तिथल्या काळ्या रानात थंडीतली ज्वारी उभी असली की नजर कुठेच अडत नाही, हे त्या इतक्या अभिमानानं सांगायच्या की जणू ते रान त्यांनीच सपाट केलं होतं. दुष्काळ सरला आणि माळ पुन्हा हिरवा झाला, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना शेंगा आणि गूळ वाटला. "गवत मेलं न्हवतं. खाली दम धरून बसलं हुतं," म्हणाल्या. बाकीच्या बायका हसल्या. मी शेंगा घेतल्या नाहीत.

त्याच हिवाळ्यात मी आठवीच्या मुलींना 'मला आवडणारे निसर्गदृश्य' यावर लिहून आणायला सांगितलं. निम्म्याहून जास्त मुलींनी माळ लिहिला. घरी तेलुगू बोलणारी, विणकराची एक मुलगी होती. तिनं लिहिलं होतं, 'डोंगर बघायला डोंगराकडे तोंड करावे लागते. माळावर कुठेही तोंड केले तरी चालते. सकाळी गवत रुपेरी असते, दुपारी पिवळे आणि संध्याकाळी ऊन आडवे आले की प्रत्येक काडी आतून पेटल्यासारखी दिसते. चंडोल गात गात वर जातो. तो दिसेनासा होतो, पण गाणे ऐकू येत राहते.'

मी ते दोनदा वाचलं. इतकं चांगलं मला समुद्राविषयी कधी सांगता आलं नव्हतं. मी दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'विषय सोडून.'

दुसऱ्या दिवशी बाई ती वही घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, पोरीचं काय चुकलं?"

"माळ म्हणजे काही निसर्गदृश्य नव्हे," मी म्हटलं. "या मुलींनी समुद्र पाहिला असता तर असं लिहिलं नसतं."

बाईंनी जरा विचार केला. "खरं हाय. मी बी कुटं बघितलाय? मला दावा की एकदा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिथल्या तिथे त्यांना मे महिन्यात माझ्या माहेरी बोलावलं. हेतू चांगला नव्हता. समुद्रापुढे त्यांचं तोंड बंद झालेलं मला पाहायचं होतं.

घाटात त्यांना एसटी लागली. खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "ह्या डोंगरांनी आभाळच ठिवलं न्हाय की." मला बरं वाटलं, हे कबूल करते. संध्याकाळी त्यांना किनाऱ्यावर नेलं. त्या गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, लहान मुलीसारख्या हसल्या, "लई चांगला हाय," म्हणाल्या. मग मागे वळून गावावरच्या उंचवट्याकडे बोट केलं. "आनि तितं वर काय हाय?"

"काही नाही. सडा आहे. नुसता कातळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर घरात आई नव्हती आणि बाईही नव्हत्या. दोघी सड्यावर गेल्या होत्या. मी चढून वर गेले. काळपट जांभ्याचा उघडा कातळ पार कड्यापर्यंत पसरला होता, भेगांतून वाळकं गवत वाऱ्यावर हलत होतं आणि कड्यापलीकडे समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. लग्न होईपर्यंत त्या गावात राहून मी त्याला असा अख्खा पाहिला नव्हता. आई हातवारे करून बोलत होती.

"न्हान असताना मी हयच गुरां राखूक येय. श्रावणात येवा तुम्ही. ह्या कातळार निळी फुलां इतकी येतत, पाय खंय ठेवचो ता कळना नाय."

माझी आई मितभाषी बाई. मला तिनं यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, तरी आठ दिवस त्या बोलत राहिल्या. आपल्याच घरात मी पाहुणीसारखी वावरले.

श्रावणात मी गेले नाही. शाळा होती, सासरी सणवार होते. बाई गेल्या. चार दिवसांची रजा काढून, मला न सांगता. आईच्या पत्रातून मला ते कळलं. मी शाळेत सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "तुमाला सांगितलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं." ते खरं होतं, म्हणून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्या थंडीत आई गेली. बाई भेटायला आल्या. "आयनं मला वर न्हेलं हुतं, तवा..." एवढं त्या म्हणाल्या आणि मी उठून आत गेले. माझ्या आईविषयी मला त्यांच्याकडून काही ऐकायचं नव्हतं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन मंगळवेढ्याला गेल्या. निरोप समारंभाला मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले.

दोन वर्षं मी तशीच काढली. आईचा चेहरा आठवायचा, पण ती मला जे बोलली नाही ते कुठे शोधायचं? शेवटी एका रविवारी मंगळवेढ्याची एसटी धरली. बाई थकल्या होत्या. मला पाहून त्यांनी कसलीच विचारपूस केली नाही. चहा केला आणि रानाच्या बाजूनं उघडणाऱ्या दारात बसवलं.

"तेव्हा काय सांगत होता तुम्ही?" मी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. फुलं गुडघे टेकून बघावी लागतात, एवढी बारीक. आई त्यांना 'सीतेची आसवं' म्हणाली. पाऊस आला तेव्हा दोघी एका इरल्याखाली बसल्या. मग बाईंनी रानाकडे बघत पुढचं सांगितलं.

"आय म्हनल्या, पोरीला एकदा हितं आनायचं हुतं. लई वर्सं मनात हुतं. पर तिला समुद्राची हौस. घरातनं भाईर पडली की ती खालीच पळायची. मंग मी एकलीच वर यायची, म्हनल्या."

बाईंचा हेवा तेव्हाही वाटत होता, नाही असं नाही. आईचं ते बोलणं ऐकायला तिथे त्या होत्या, मी नव्हते.

थोड्या वेळानं मी त्यांना म्हटलं, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

त्यांनी पुन्हा सांगितलं. सोलापूरची शेवटची एसटी केव्हा निघून गेली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.