मधल्या पट्टीवरचं कुंकू

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगू द्या. उद्यावर ठेवलं तर मी ते नीटनेटकं करून सांगेन आणि मग ते तसं राहणारच नाही.

आत्ता मामाचा फोटो आला मोबाइलवर. नेरजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मामा वायरमन आहे, आणि आज खंडेनवमी, म्हणजे सगळ्या मशिनींची पूजा. फोटोत विजेच्या मेन पॅनलचं दार उघडं आहे, आत वीज वाहणाऱ्या धातूच्या तीन उभ्या पट्ट्या आणि तिन्हींवर कुंकू. खाली एवढंच लिहिलं आहे, "लावलं बाई." मी यवतमाळच्या स्टँडवर बसची वाट पाहून राह्यली आणि अंगठे काही थांबत नाहीत, म्हणून चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मागच्या हंगामातली गोष्ट आहे. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला आणि यवतमाळातच एका छोट्या ऑफिसात काम लागलं. काम काय, तर थर्मल कॅमेरा घेऊन लोकांचे पॅनल, मोटारी, ट्रान्सफॉर्मर पाहायचे. काय तापून राह्यलं ते हात न लावता, दुरूनच सांगायचं. पडद्यावर गरम ते पिवळं-पांढरं दिसते, थंड ते निळं-जांभळं. ढिला जोड तापतो, आणि तापलेला जोड एक दिवस पेटतो. बस, एवढंच. पण मले असं वाटलं की मले तिसरा डोळाच भेटला! सरावासाठी कॅमेरा घरी आणला आणि तवा पायला, मांजर पायली, बाबांची गाडी पायली. आईनं स्टीलच्या गिलासात चहा दिला, तोही पायला. गिलास निळा! मधात नुसता एक पिवळा डाग. म्हटलं थंड झाला वाटते, आणि उचलला तर बोटं भाजली.

आई म्हणे, "माय वं! एवढा महागाचा डबा, अन् चहा गरम हाय का थेही सांगत नाई?"

दोघी खूप हसलो. शिकवताना सांगितलं होतं की चमकदार धातू स्वतःची गरमी नीट दाखवत नाही, आरशासारखं समोरचंच दाखवते. तो पिवळा डाग म्हणजे माझंच तोंड होतं. समजलं होतं मले. पण परीक्षेपुरतं समजलं होतं, असं आता वाटते.

मग मामानं त्याच्या मॅनेजरले सांगितलं, माझी भाची हेच काम करते, आपला पॅनल एकदा दाखवून घेऊ. मामा असं कोणाले कधी सांगत नाही. पण त्याच्या मनात काय होतं ते मले माहीत होतं. मी लहान असताना मामा दुसऱ्या जिनिंगमध्ये होता. तिथं एक दिवस पॅनलमध्ये भडका उडाला. समोर मामाचा कामावरचा जोडीदार होता, मामा त्याच्या मागं. जोडीदार गेला. मामाच्या कानामागं अजून चट्टा आहे. जिनिंगमध्ये जिकडंतिकडं कापसाची धूळ, तिले ठिणगी भेटली की काय होते ते आमच्याकडच्या माणसाले सांगावं लागत नाही.

त्या जोडीदाराची एक सवय होती. खंडेनवमीले सगळे पॅनलच्या दारावर कुंकू लावत, तो सप्लाय बंद करून आतल्या पट्ट्यांवरही लावायचा. म्हणायचा, दाराले कायले लावता, काम तर आतले करून राह्यले. तो गेल्यापासून मामा लावते. आधी पट्ट्या कापडानं घासून घासून चांदीच्या भांड्यासारख्या लखलखीत करते, आणि मग तेलात कालवलेलं कुंकू, जिथं जोड आहे तिथंच एकेक बोट.

तर मी गेलती तेव्हा हंगाम जोरात होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत सगळं चालू. मामानं हातमोजे घालून पॅनलचं दार उघडलं आणि मी ठरल्याप्रमाणं दूर उभी राहून कॅमेरा धरला. पट्ट्या निळ्या. कुंकवाचे दोन ठिपके जरासे कोमट. आणि मधला ठिपका पांढराफटक!

मॅनेजरनं माझ्या खांद्यावरून पाहिलं. "काय मॅडम, देवीचा कोप झाला का?"

"मधला जोड तापून राह्यला वाटते, साहेब."

"जोड कुठं? पट्टी तर निळी हाय. कुंकूच तापून राह्यलं. तेल हाय नं त्यात, तेल तापते. वायरमन, पुसून टाका ते. किती वेळा म्हटलं, मशिनीत देवधरम करू नका."

खरं सांगते, मलेही तेच पटलं. डोळ्यापुढं दिसत होतं नं, ठिपका गरम आणि त्याच्या बाजूले पट्टी गार. जेवणाच्या सुट्टीत सप्लाय बंद झाला. मामानं तपासून घेतलं, कापड घेतलं आणि पॅनलपुढं तसाच उभा राह्यला. मग पुसलं. आधी दोन बाजूचे, शेवटी मधला. कापडाची घडी करून खिशात ठेवली, फेकली नाही.

सुट्टीनंतर जिनिंग चालू झालं, लोड आला, मी पुन्हा पाहिलं. सगळं निळं! मॅनेजर खूश. "झालं? आता लिहा, ओके." मामा पॅनलच्या बाजूले आपल्या नेहमीच्या जागी जाऊन टेकला. पूर्ण हंगाम तो तिथंच असते, त्या दारापासून हातभर अंतरावर.

मग चहा आला. मामानं स्वतः आणून दिला.

"सांभाळून बाई, चटका बसन."

स्टीलचा गिलास होता.

मी गिलासाकडं पाहत राह्यली. मग कॅमेरा त्याच्यावर धरला. निळा, मधात पिवळा डाग. कॅमेरा उचलून पॅनलकडं केला आणि त्या निळ्या, लखलखीत पट्टीवर नीट पायलं. तिथंही एक पुसट पिवळी आकृती होती. मी हात वर केला, तिनंही हात वर केला.

"मामा, तिथून हटा!"

मी एवढ्या जोरात ओरडली की मॅनेजरच्या हातातला चहा सांडला. मी धडाधड बोलत सुटली, की पट्टी काही सांगूनच नाही राह्यली, ती मलेच दाखवून राह्यली, कुंकू चमकत नाही म्हणून खरं तर तेच सांगत होतं आणि आपण तेच पुसलं! मॅनेजर चिडला. "गाड्या उभ्या हायेत बाहेर. घडीघडी बंद करायले हे काय खेळणं हाय? एका पोरीच्या म्हणण्यावर?"

मामा मॅनेजरकडं नाही, माझ्याकडं पाहत होता. "पक्कं हाय का तुले?"

"हो मामा."

"बंद करा साहेब. तिच्या नाई, माह्या म्हणण्यावर बंद करा."

जिनिंग बंद झालं तेव्हा जी शांतता झाली नं, ती मले अजून आठवते. मी म्हटलं काळा टेप चिकटवला तरी चालते, तेच करतात सगळीकडं. मामा म्हणे टेप लाव, पण कुंकूही असू दे. आणि देवाच्या फोटोजवळची कुंकवाची डबी आणून त्यानं तिन्ही जोडांवर परत बोट टेकवलं. पुन्हा सप्लाय, पुन्हा लोड, पुन्हा थोडी वाट. कॅमेरा धरला. बाजूचे दोन कोमट. मधलं कुंकू पांढरं, आणि त्याच्या बाजूचा टेपही पांढरा.

या वेळी मॅनेजरनं स्वतः जाऊन स्विच पाडला.

सगळं थंड झाल्यावर मामानं मधल्या जोडाले पाना लावला. जोर लावायची गरजच पडली नाही, बोल्ट तसाच फिरला. खाली पट्टी काळी पडली होती आणि मागच्या बाजूच्या, कॅमेऱ्याले न दिसणाऱ्या केबलचं वरचं रबर बोटानं दाबलं तर पापडासारखं मोडलं.

मामा तो बोल्ट हातात घेऊन पायरीवर बसला. मी बाजूले बसली. मग म्हणे, "त्या वर्षी बी पट्ट्या अशाच चकचकीत होत्या. मीच घासल्या होत्या."

"अन् कुंकू?"

"थ्यानं लावलं होतं. पण पायनारं कोन होतं, बाई?"

 

आजच्या फोटोत पट्ट्या घासलेल्या नाहीत, मळकट आहेत, आणि प्रत्येक कुंकवाजवळ काळ्या टेपचा एक तुकडा आहे. मधल्या पट्टीवरचं कुंकू जरा मोठं लावलं आहे त्यानं. मी फोटो मोठा करून करून पाहून राह्यली, बस आली तरी.

तुमच्यासोबत झालं का असं कधी, की जे खरं सांगून राह्यलं होतं तेच डाग समजून पुसलं? आणि परत लावायले वेळ भेटला का तुमाले?