चष्म्यात न आलेलं तोंड

देवपुरातल्या त्या मोटारीत नवी तार भरणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. बोअरची जळालेली मोटार घेऊन गेलो, तेव्हा त्याच्या नाकावर आयटीआयच्या सरांनी दिलेला स्मार्ट चष्मा होता. हात मोकळे राहतात, त्याला दिसतं तेवढंच रेकॉर्ड होतं आणि त्यावरून मुलं काम शिकतात. असली खेळणी मला आवडत नाहीत, पण हे पटलं.

तांब्याच्या तारेचे वेढे मोजून झाल्यावर त्याने मोबाइलवर एक जुना व्हिडिओ लावला. त्याची बोटं खाचेत तार बसवत होती. मधेच हिरव्या बांगड्यांचा एक हात आला, चहाचा कप ठेवून गेला.

"घरवाली," तो म्हणाला. ती दिवाळीआधीच वारली होती. व्हिडिओ मागे नेऊन त्याने तो हात पुन्हा पाहिला.

"काम बठ्ठं दिखस, भाऊ. तिना हात शे, तोंड कोठेच नही. चष्माना काय दोष? मीच कधी वर देखं नही."

संध्याकाळी घरी बायकोने चहा आणला. मोबाइलमधून मान न काढता मी "ठेव" म्हणालो, आणि माझं मलाच ऐकू आलं.